करवत गोड बोलू लागली

गल्लीत त्यांना सगळे ‘करवत’ म्हणत. धंदा सुतारकीचा, पण नाव पडलं ते जिभेमुळे! बायकोच्या भाजीला कधी बरं म्हटलं असेल तर शपथ. मीठ कमी, मीठ जास्त, आणि मीठ बेताचं असलं तर ताट गार. गिऱ्हाइकाने दाराचं कौतुक केलं तरी म्हणायचे, “आता आदळू नका म्हणजे झालं.”

एकदा अंगठ्यात लाकडाचं कुसळ गेलं. सुईने उकरून काढलं, चिंधी गुंडाळली आणि पुन्हा रंधा मारायला लागले. हात सुजला, अंगात कसकस आली. बायकोने दवाखान्याचं नाव काढताच खेकसले, “कुसळाला डॉक्टर? उद्या शिंकलो तर ऑपरेशन करशील माझं!”

आणि एका दुपारी हाच माणूस पहिला घास घेऊन म्हणाला, “भाजी काय सुरेख झालीय गं! फार दमतेस तू.”

बायकोच्या हातातला डाव खाली पडला.

पाहुणी आलेली नणंद मात्र हरखली. “बघ, सोन्याचं मन आहे माझ्या भावाचं. उशिरा का होईना, सुधारला!” पण बायको ‘आधी दवाखान्यात चला’ म्हणून मागेच लागली.

“नवरा गोड बोलला म्हणून दवाखान्यात नेणारी बाई पहिल्यांदाच बघतोय वहिनी,” धाकटे दीर म्हणाले. सगळे खो खो हसले. करवतही हसले, पण धापा टाकत, आणि सख्ख्या भावाला ‘साहेब, बसा ना’ म्हणाले. बायकोने त्यांचा हात धरला, तर गार.

“हसा, खुशाल हसा! हा माझा नवरा नव्हे,” असं म्हणून तिने गाडी बोलावली.

“कधीपासून बरळतायत?” दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“बरळत नाहीत हो. गोड बोलतायत.”

बाई हसल्या नाहीत. “हातातला जंतुसंसर्ग अंगभर भिनलाय. रक्तदाब घसरलाय, भान सुटतंय ते त्यानेच. वय आहे, साखर आहे, मूत्रपिंडंही कुरकुरतायत. वाचतील असा शब्द देत नाही. पण वेळेवर आणलंत, तेवढी आशा आहे.”

औषध लागू पडलं, रक्तदाब सावरला, तशी अतिदक्षता विभागाबाहेर श्रेयाची वाटणी सुरू झाली. नणंद म्हणाली, “आमच्या घराण्याचं रक्तच दणकट.” त्याच रक्तात जंतू शिरले होते, पण जाऊ द्या! दीर म्हणाले, “मी ओळख काढली म्हणून खाट मिळाली.” बायको हात जोडून दाराशी उभी होती. देवा, एकदा खेकसू दे यांना, एवढंच तिचं मागणं होतं.

शेवटी तिला आत सोडलं. करवतांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “जेवलीस का?”

“सिस्टर!” ती किंचाळली. “धावा हो! पुन्हा सुरू झालं यांचं!”

सिस्टर धावत आली. नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, नाव विचारलं, वार विचारला. सगळं बरोबर. “शुद्धीवर आहेत हो बाई. अगदी व्यवस्थित आहेत.”

“मग हे असं का बोलतायत?”

करवतांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. “चुकलो,” ते पुटपुटले. “परत नाही विचारणार.”

तिने खुर्ची ओढली, त्यांचा बरा हात आपल्या हातात घेतला. “नाही जेवले,” ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ढसाढसा रडली.