थोरला भाऊ मुका झाला त्याची गोष्ट

आमच्या बँडची एकही रेकॉर्ड निघाली नाही. किस्से मात्र निघत राहिले! चौघे जुने मित्र इंदिरानगरला कुणाच्या गच्चीवर जमलो, की पहिला चहा संपायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "विलासचं ते आठवतं का रे?"

विलास म्हणजे आमचा गायक. सत्तरच्या दशकात सातपूरच्या एका कारखान्यात तो टर्नर, मी फिटर. सुटी झाली की तो गिटार घ्यायचा आणि मी ड्रम. गाणी रॉक, मराठीत, शब्द आणि चाल त्याचीच. त्याचे वडील, नाना, भीमगीतांच्या गायन पार्टीचे मुख्य गायक. घरी तालीम झाली की विलास विचारायचा, "नाना, कसं वाटलं?" नाना पेटी पुसत म्हणायचे, "आवाज लय आहे रे. शब्द कुठंय?" जगाने नावाजलं नाही तरी चालेल, पण नानांनी एकदा 'वा' म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

*

कॉलनीच्या गणेशोत्सवात आमची तीन गाणी झाली आणि स्टेजवर चिठ्ठी आली. पहिली फर्माईश! विलासने ती माइकवरून खणखणीत वाचली, "आपण फार दमला असाल. कृपया बसून घ्यावे. आपला, एक श्रोता."

टाळ्या त्या दिवशी तेवढ्याच पडल्या.

*

मग विलास नाटकात शिरला. पहिलीच भूमिका इन्स्पेक्टरची, आणि पठ्ठ्या खांद्यापर्यंतचे केस कापायला तयार नाही! सगळे टोपीत कोंबले. ऐन रंगात कडक सॅल्यूट ठोकला, टोपी पडली आणि केस मोकळे झाले. समोरचा हवालदार हजरजबाबी. म्हणाला, "साहेब, वेषांतर झकास जमलंय!"

*

सटाण्याला कार्यक्रम होता. पेंटरने बोर्डावर 'रॉक संगीत'ऐवजी 'राख संगीत' रंगवलं. गर्दी तुफान! कुणी अंगारा देणारा बाबा आलाय असं समजून लोक हात जोडूनच बसलेले. त्यात माइक बंद पडला, तरी विलास घसा ताणून शेवटपर्यंत गायला. एक आजी नातवाला घेऊन पुढे आली. "बाबा, राख कव्हय भेटी?"

"आजी, राख नाही. हे गाणं आहे."

"गानं? मंग तुले इतलं दुखस कोठे?"

*

दुसऱ्याच दिवशी नाशकात आमचं नाटक. विलास थोरला भाऊ, मी घर सोडून निघालेला धाकटा. आणि विलासचा आवाज साफ बसलेला! हळद-दूध, ज्येष्ठमध, सगळं झालं. शेवटी दिग्दर्शकाने कपाळाला हात लावून जाहीर केलं, "आजपासून थोरला मुका!"

त्याची सगळी वाक्यं माझ्या गळ्यात. "म्हणजे, आई आजारी आहे म्हणतोस?" तो मान हलवणार. "म्हणजे, शेत विकू नको म्हणतोस?" तो पुन्हा मान हलवणार. नानांना मी बळेच आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. आजच नेमका आवाज नाही, म्हणून विलास मेकअपमध्येच रडकुंडीला आलेला.

शेवटच्या प्रवेशात मी विचारायचंच विसरलो. विलास माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्या हातातली ट्रंक घेतली, खाली ठेवली आणि माझ्या चपला उचलून दाराच्या आत नेऊन ठेवल्या.

पडदा पडल्यावर नाना आत आले. विलास मान खाली घालून उभा. नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आज एकेक शब्द कळला."