हाक न देता पाडलेले नारळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. आज सांगते आहे ते मन हलकं करायला नव्हे — लोक मला सोशिक, शहाणी बाई म्हणतात आणि ते ऐकून माझे कान किटले आहेत, म्हणून.

आमचे हे मोठ्या लढाईत बसऱ्याकडे, पलटणीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. परत आले ते धडधाकट. पण किहीमला आमची नारळाची वाडी — आणि वाडीत नारळ पडायचाच. धप्प झालं की हातातलं टाकून हे झाडांना पाणी नेणाऱ्या पाटात आडवे, डोक्यावर दोन्ही हात. अलिबागच्या डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं, भगताने अंगारा दिला. गाव भित्रा म्हणालं. भित्रा? गोळे पडत असताना जखमी उचलून आणणारा माणूस?

माझ्या एक लक्षात आलं. नारळ पडणार हे आधी कळलं, तर हे डगमगत नसत. म्हणून झाडावर चढून नारळ पाडणाऱ्या धर्माला मी सांगितलं — प्रत्येक घड सोडण्याआधी हाक द्यायची. "सोडतंय हो!" तो ओरडे, हे मान डोलवत, मग घड खाली येई. वर्षभरात ह्यांचं पाटात आडवं होणं थांबलं. वाऱ्याने एखादा नारळ पडला तरी नुसते दचकून पुन्हा कामाला लागत.

मग आमच्या लेकीला, कुसुमला बघायला पेणची मंडळी आली, ती नेमकी पाडणीच्या दिवशी. ही हाक कशाला, असं कुणी विचारलं तर मी काय सांगणार होते? घरात वेड आहे म्हणाले असते — आणि स्थळ गेलं असतं. मी मागल्या दारी धर्माला गाठलं आणि आज हाक नको म्हणाले.

"वयनी, दादांना तरास होल," तो म्हणाला.

सांगितलं तेवढं कर, म्हटलं मी.

पहिला घड पडला तेव्हा हे हाकेच्या भरवशावर, निर्धास्त, मुलाच्या वडिलांना वाडी दाखवत होते. ह्यांनी त्यांना कवेत धरलं, पाटात पाडलं आणि स्वतः त्यांच्यावर पालथे पडले — त्यांना वाचवायला. आणि मी काय केलं? मी हसले. "पाय घसरला ह्यांचा, तुम्हालाही घेऊन पडले बघा," म्हणाले. पाहुणेही हसले. ह्यांनी चिखलातून वर धर्माकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं.

लग्न जमलं. कुसुम सुखात आहे.

आता कुणी म्हणेल, त्या काळात असल्या दुखण्यातलं कुणाला काय कळत होतं? इतरांना नसेल कळत. मला कळत होतं. अख्ख्या गावात मला एकटीलाच कळत होतं. अडाणी म्हणून मला सोडून देऊ नका. औषध मी शोधलं होतं, आणि चारचौघांत लाज नको म्हणून मीच ते काढून घेतलं.

पुढच्या पाडणीला धर्माने पुन्हा हाक दिली. ह्यांनी मान डोलवली नाही. माझ्याकडे पाहिलं — खरी का, म्हणून. खरी आहे, म्हटलं मी.

तरी ते पाटात उतरले. मग शेवटपर्यंत, दर हाकेला.