विनायकरावांच्या हातातलं हँडल

"पंचवीस हॉर्सपॉवरचंच इंजिन हवं," सुलभाताई ठामपणे म्हणाल्या. "त्याच्या खालचं काही दाखवूच नकोस."

समोर त्यांच्या बोटीचा फोटो होता. बारा फुटी फायबरची बोट, तीन-चार माणसांची. सुलभाताईंच्या शेजारी त्यांचे यजमान विनायकराव बसले होते. उजवा हात मांडीवर, आणि तो हात सतत थरथरत होता. पार्किन्सन्स.

मी मूळची रत्नागिरीची. नवऱ्याची बँकेतून जयपूरला बदली झाली, तशी मीही आले. समुद्र नसलेल्या गावात बोटीच्या इंजिनांचं काम मिळेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण मालवीय नगरात एका डीलरकडे मिळालं. इथे धरणं आहेत, तलाव आहेत, मासेमारीचे ठेके आहेत. आमची इंजिनं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत न बसता मागच्या फळीवर बाहेरून टांगलेली. त्या फळीला ट्रान्सम म्हणतात. इंजिनाला पुढे एक हँडल असतं. ते डावी-उजवीकडे फिरवलं की बोट वळते, त्याची मूठ पिळली की वेग वाढतो.

"ताई, ट्रान्समवरच्या प्लेटवर जास्तीत जास्त पंधरा लिहिलंय," मी म्हणाले. "पंचवीसचं इंजिन जड असतं. मागची बाजू बुडते, पाणी आत येतं."

"मग पंधरा. पण कमी नको." त्यांनी आवाज खाली आणला. "अगं, तलावाच्या मधे यांना काही झालं तर? मला पटकन काठ गाठता आला पाहिजे."

"चालवणार कोण?"

"मीच. अजून कोण?"

विनायकराव काहीतरी म्हणाले. त्या आजारात आवाजही बारीक होतो. मला ऐकू आलं नाही. सुलभाताईंनीच सांगितलं, की ते केंद्र सरकारच्या नोकरीत इंजिनिअर होते, राजस्थानातल्या धरणांची खोली मोजायचे. सगळी नोकरी बोटीत गेली. आता घरात बसून दिवसेंदिवस गप्प होत चाललेत. म्हणून ही बोट.

आमचे मालक भाटीजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मंजिरीजी, प्लेट पे पंद्रह लिखा है ना? तो पंद्रह दे दो. बात खतम."

"ट्रायल घेते, मगच देते," मी म्हणाले. पिकअपमध्ये पंधराबरोबर आठचंही इंजिन टाकलं. भाटीजींनी कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही.

चाकसूच्या पुढे विनायकरावांच्या एका जुन्या सहकाऱ्याचं शेत आहे. त्याला लागून बांध घातलेला मोठा तलाव. परवानग्या झालेल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढत होतं आणि पश्चिमेकडून बऱ्यापैकी वारा होता. ट्रायलला वारा असलेला बराच. शांत पाण्यात कुठलंही इंजिन चांगलंच वाटतं.

पंधराचं इंजिन बसवलं. सगळ्यांना लाइफ जॅकेट घातली. आम्ही दोघींनी धरून विनायकरावांना बोटीत उतरवलं. त्यांना पुढच्या बाकावर बसवायचं ठरलं होतं. ते मात्र बाकाला धरत धरत मागे गेले आणि हँडलपाशी जाऊन बसले.

"अहो, तिथे नाही!" सुलभाताई म्हणाल्या.

ते हलले नाहीत. माझ्याकडे बघत होते. मी किल-स्विचची दोरी त्यांच्या जॅकेटला अडकवली. माणूस जागेवरून पडला की ही दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद होतं. मी त्यांच्या शेजारी बसले.

काठापासून थोडं दूर जाईपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी वेग थोडा वाढवायला मूठ पिळली. हात थरथरला आणि मूठ हवी त्यापेक्षा जास्त फिरली. पंधराच्या इंजिनाला तेवढं पुरतं. बोटीचं पुढचं टोक वर उठलं, सुलभाताई ओरडल्या. मी दोरी ओढून इंजिन बंद केलं.

कुणाला लागलं नव्हतं. पण विनायकरावांनी हँडल सोडलं होतं. थरथरणारा हात दुसऱ्या हाताने दाबून धरला होता.

"तूच चालव," ते बायकोला म्हणाले. या वेळी मला स्पष्ट ऐकू आलं.

सुलभाताई रडवेल्या झाल्या. "जाऊ दे गं, मंजिरी. आपण परत जाऊ. माझंच चुकलं, उगाच हा हट्ट."

"इंजिन बदलते," मी म्हणाले. "मग ठरवा."

मी बोट काठाला आणली आणि पिकअपमधलं आठचं इंजिन लावलं. हलकं असल्यामुळे बोट मागे कमी बसली. अशा इंजिनांना दोन स्क्रू असतात. एक आवळला की हँडल जड फिरतं, दुसरा आवळला की मूठ जिथे ठेवाल तिथेच राहते, आपोआप सरकत नाही. दोन्ही आवळून मी विनायकरावांना म्हणाले, "काका, एकदा बघता?"

त्यांनी दाबून धरलेला हात मोकळा केला. मग त्यांनी मूठ धरली.

हात थरथरला, पण हँडल हललं नाही. ताकदच बेताची, त्यामुळे मूठ जराशी जास्त फिरली तरी बोट झेप घेत नव्हती. आणि घट्ट काही धरल्यावर, हळूहळू, तो हातही पुष्कळसा शांत झाला. या आजारात काहींचं असं होतं, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं.

आता वाऱ्याची परीक्षा बाकी होती. इंजिन फार लहान घेतलं तर तेही धोक्याचं. वारा समोरून असला की बोट जागीच राहते, नाहीतर मागे ढकलली जाते. मी सांगणार होते, त्याआधीच त्यांनी बोट वाऱ्याच्या तोंडावर वळवली. तीन माणसं, समोरून वारा, आणि मूठ अर्ध्यावर. बोट सरळ पुढे जात होती.

"सुलभा," ते म्हणाले, "जरा मधे सरक. बोट कलतेय."

सुलभाताई लगेच मधे सरकल्या. नंतर माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "कित्येक महिन्यांनी मला असं हक्काने काही सांगितलंय यांनी." आणि पदराने डोळे पुसले. वाऱ्याने पाणी उडत होतं, त्यामुळे चालून गेलं.

तलावाला पूर्ण फेरी मारून त्यांनी बोट काठाला लावली. धक्का न देता.

शेवटी आठचंच इंजिन त्यांच्याकडे गेलं. सुलभाताईंची काळजी संपली नाही. त्यांना मी इंजिन चालू-बंद करणं आणि बोट काठाला आणणं नीट शिकवलं. गरज पडली तर पाचेक मिनिटांत कुठूनही काठ गाठता येतो, हे त्यांनी स्वतः चालवून पाहिलं, तेव्हा कुठे त्या निवळल्या.

भाटीजींनी विचारलं, "इतना छोटा लेके खुश हैं?"

"खूप," मी म्हणाले.

प्लेटवरचा आकडा बोटीला किती सोसेल ते सांगतो. माणसाला किती सोसेल ते प्लेटवर लिहीत नाहीत. त्यासाठी तलावावर जावं लागतं, आणि शक्यतो इंजिनं दोन न्यावीत.