वाळू मागणारे दफेदार

येसाजी दफेदारांनी माझ्या पहिल्याच पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळाची ज्वारी वर काढली, चिमूटभर तोंडात टाकून डोळे मिटून चावली आणि बाजूला थुंकली. मग मला विचारलं, "माल स्वच्छ हाय. मग लबाडी कुठं केलीस?"

मी कल्याणच्या बंदरावर पोती वाहून वर आलेला माणूस. दुकान घातलं तेव्हा आई, बायको आणि मी मिळून दाणा न् दाणा निवडत होतो. खडा सापडला तर पोतं परत, असं मी भर बाजारात ओरडून सांगत असे. त्या एका शब्दावर माझं दुकान उभं होतं. मी ताडकन म्हणालो, "दफेदार, लबाडी दाखवा, नाहीतर शब्द मागे घ्या."

"दावीन की. घाई काय हाय?"

ठाण्याला खाडीकाठी मुंबईच्या एका शेठजींनी बाग केली होती आणि हौसेनं आफ्रिकेतून तीन शहामृग आणवले होते, एक नर आणि दोन माद्या. दफेदारांचा जन्म रिसाल्यात घोड्यांच्या दाणावैरणीत गेलेला. पेन्शनीत आल्यावर शेठजींनी त्यांना या पक्ष्यांच्या खाण्यापिण्यावर नेमलं आणि दाण्याचा मक्ता मला दिला. या माणसाचा कशावरच विश्वास नव्हता. हौदात पाणी सोडलं की आधी ओंजळभर स्वतः पिणार. माळ्यानं घास कापून आणला की पेंढी सोडून काडी काडी वेगळी करणार. रविवारी शेठजींचे पाहुणे कुंपणातून जिलब्या टाकत, तेव्हा हे काठी घेऊन उभे. एकदा एका पगडीवाल्या गृहस्थाला म्हणाले, "रावसाहेब, तुमच्या पोरास्नी उद्यापासनं कडबा घालू का? चालंल?" गृहस्थ बायकामुलांसह परत गेले.

तिसऱ्या खेपेला त्यांनी मला गोठ्यामागे नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, "पुढच्या पोत्यात पायलीभर वाळू घालून आण. जाड, खाडीची. आनि शिंपल्यांचा चुरा."

मी चार पावलं मागे सरलो. बाजारात माझ्या नावावर टपलेले लोक होते. माझ्याच हातानं माझ्या पोत्यात वाळू घालायला लावायची आणि मग बोभाटा करायचा, याहून सोपा डाव कोणता? मी म्हणालो, "कुणी शिकवून पाठवलं तुम्हाला?"

"आरं, त्या पाखराला दात हायेत का? तुझी निवडलेली ज्वारी त्यानं दळायची कशानं? तुझे दात घालू त्याच्या पोटात?"

"मग वाळू वेगळ्या पोत्यात आणतो. चारचौघांदेखत उतरवतो."

"वेगळी ठेवली तर शिंपल्या चुनेवाला उचलून न्हेईल. माळी त्याचा साडू हाय. दाण्यात मिसळूनच पायजे."

मी नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी आतून एक अंडं आणलं, नारळाएवढं. माझा अंगठा धरून त्यावर दाबला. कवच पापडासारखं मोडलं आणि आतला बलक माझ्या मनगटावर ओघळला. "दाण्यानं पोट भरतंय," ते म्हणाले, "पर हाड भरत न्हाई, कवच बी भरत न्हाई. गेल्या खेपंला पिल्लं निघाली, ती पायात वाकडी. उभीच ऱ्हाईनात. तुझ्या स्वच्छ दाण्यावर मेली ती." मेलेल्या पिल्लांचा दोषही माझ्याच माथी! मी इतका भडकलो की तिथल्या तिथे हो म्हणालो.

वाळू मी स्वतः धुतली, स्वतः मापली, स्वतः मिसळली. नोकराला हात लावू दिला नाही. आणि नेमकं तेच पोतं कल्याण स्टेशनच्या मालधक्क्यावर फाटलं. ज्वारीबरोबर वाळू आणि शिंपल्या भळाभळा बाहेर आल्या. हमाल थांबले, गाडीवान थांबले. माझ्या दुकानासमोरच्या दुकानाचा मालक, माझा जुना वैरी, हातातला पानाचा विडा तसाच धरून पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी खाडीकडच्या आगरी बायका दुकानापुढून जाताना एकमेकींना कोपर मारत होत्या. एकीनं हाक दिली, "शेट, ज्वारी ऱ्हाव दे, वालू काय भाव?" आठवड्यात गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. जे येत ते दाणे दाताखाली धरून बघत. शहामृगाची गोष्ट सांगायला जावं तर लोक आणखीच हसत.

मी ठाण्याला गेलो. म्हणालो, "दफेदार, एकदा बाजारात येऊन सांगा की वाळू तुम्ही मागितली होती आणि माझा माल चोख आहे."

"आजवर कुनाच्या मालाला चांगलं म्हटलं न्हाई. रिसाल्यात एका मानसाची शिफारस केली, तो घोडा घेऊन पळाला."

मी त्यांना नको ते बोललो. माझं संपल्यावर ते म्हणाले, "वाळूचं पुढचं पोतं कधी?"

बाजाराच्या दिवशी, दुकानं गजबजलेली असताना, ते कल्याणला उगवले. माझ्या दुकानासमोर उभे राहून त्यांनी परेडवर देतात तशी आरोळी दिली, "ह्या मानसानं मला बुडवलं!"

माणसं गोळा झाली.

"शेठजींच्या शहामृगांसाठी मी ह्याला पोत्यामागं पायलीभर वाळू सांगितली होती. ह्यो कंजूष हात आखडतो! वाळू कमी घालतो! दुसरा कोन देनार असंल त्यानं पुढं यावं, मक्ता त्याला." एवढं बोलून त्यांनी माझ्या विक्रीच्या पोत्यात हात घातला, चावलं, थुंकलं. "बेकार. नावाला बी खडा न्हाई." मग समोरच्या दुकानात शिरले, तिथलं पोतं चाचपलं, चावलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "हां! हितं बघा, न सांगताच घातलीया!"

बाजार असा हसला की वैऱ्यानं फळ्या लावून घेतल्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझी कोठी रिकामी झाली.

पुढे शेठजींचा शौक संपला. पक्षी वरच्या मुलखातल्या कुण्या संस्थानिकाला गेले आणि दफेदार त्यांच्याबरोबर निघाले. कल्याणला गाडी थांबली तेव्हा मी लाडूंचा डबा घेऊन गेलो. त्यांनी एक लाडू फोडून आत बघितलं.

"दफेदार, त्या दिवशी बाजारात मुद्दाम केलंत ना?"

"वाळू कमी हुती," ते म्हणाले. गाडी हलली.

मी ती पायली काठोकाठ भरून घातली होती आणि दाण्यात फसणारा माणूस तो नव्हता. उपकार केला असं एकदा तोंडानं कबूल केलं असतं, तर मी फेडून मोकळा झालो असतो.