सासुरवाडीले नेलेलं हत्यार

हसाचं तं खुशाल हसा गा, पन कपातला च्या खाली ठेवून आयका. नाहीतं ठसका लागन!

तवा वऱ्हाड मध्यप्रांतासंगं होतं, राज्य इंग्रजाचं. मी उंद्रीचा, सासुरवाडी धाडची. थोरला जावाई! पन धाकली साळी खामगावच्या नारायणले देली, अन् माहा भावच उतरला. मी गेलो का पिठलं, तो गेला का पुरनाची पोळी! जीव जळन नाही तं काय होईन?

एक दिवस बायको म्हने, "अवो, धाडहून सांगावा आला. नारायणराव हत्यारं घेऊन येऊन राह्यले. माहे आबा तं वाटेले डोये लावून बसले."

हत्यारं! माह्या डोयापुढं बंदूकच आली. खांद्यावर बंदूक, कमरेले तलवार, अन् सासरा त्याले पाटावर बसवून राह्यला!

"आपल्या घरी काऊन नाही हत्यार?" मी गरजलो.

"कोनतं पाह्यजे?" बायकोनं सरळ इचारलं.

मी कायले आयकतो? आढ्यावरची आज्याची तलवार काढली, घोंगडीत गुंडाळली. इनापरवाना तलवार पोलीस पाटलानं पाह्यली असती, तं सासुरवाडीच्या जागी कोठडीच दाखवली असती!

धाडले सासऱ्याच्या दाराशी घोंगडी सोडली, तलवार कमरेले बांधली, मिशीले पीळ देला अन् शिरलो अंगनात.

पाह्यतो तं काय! नारायण घामानं निथळून राह्यला. पुढं करवत, रंधा, लाकडं तासाचा वाकस. सासऱ्याचं मोडकं दार नीट करनं चालू!

"हत्यारं कुठी हायेत बे?"

"हे काय, भाऊ! कापसाच्या जिनिंगातल्या मिस्तऱ्याचे हत्यारं हेच नं?"

तेवढ्यात सासूबाई माह्या कमरेकडं पाहून म्हनते, "थोरल्या जावायानंबी आनलं वाट्टे! बरं झालं. कोहळा बाईमानसानं फोडू नाही. तुमीच फोडा."

आता माघार कशी घ्याची? मूठ धरली, ओढली. हालेच ना! आज्यामागं तिले कोनी काढलीच नोती; आतून गंजली. नारायणनं म्यान धरलं, मी मूठ. "हां भाऊ, लावा जोर!"

कडाक्!

मी उताना शेनकाल्यात. हातात नुसती मूठ, पातं म्यानातच! कोहळा नारायणनं वाकसानं फोडला.

सासऱ्यानं मूठ उलटीपालटी करून पाह्यली. "मजबूत हाये. नारायणराव, जात्याचा खुंटा मोडला नं? हे बसवून पाहा बरं."

बसली नं बाप्पा, घट्ट! तवापासून धाडले गेलो का अख्खी गल्ली इचारते, "काय जावाईबुवा, तुमच्या तलवारीनं आज किती पायल्या जवारी कापली?"