अर्ध्या आवाजाचा नवस आणि गाविलगड

गाविलगडाला जायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात महालातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. देव, भूत आणि शाळा तपासनीस या तिघांवरही माझा विश्वास नव्हता. त्यातला तिसरा वर्षातून एकदा प्रत्यक्ष दिसायचा, एवढाच फरक.

माझा मित्र पुरुषोत्तम इतवारीत भांड्यांच्या दुकानात कामाला होता आणि संध्याकाळी भजनी मंडळात गायचा. त्याचा आवाज असा, की त्याने आलाप घेतला की शेजारच्या आळीतले लोक आपापले रेडिओ बारीक करायचे. मग त्याच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. टेबलावर जायच्या आदल्या दिवशी या माणसाने डॉक्टरला न विचारता परस्पर देवीशी बोलणी केली. त्याचं घराणं मूळचं अचलपूरकडचं, कुलदेवी गाविलगडावरच्या पडक्या किल्ल्यात. आवाज परत आला तर गडावर येऊन तुझी आरती म्हणीन, असा नवस.

आवाज आला. पण कसा? तेल न घातलेल्या बिजागरीतून दार बोलावं तसा. वर डॉक्टरांनी बजावलं, हळू बोलायचं, जोर लावून गायचं नाही, नाहीतर उरलेलाही जाईल.

मी त्याला सरळ विचारलं, "देवीनं अर्धाच माल पाठवला, तू पूर्ण किंमत कायले देऊन राहिला गा?"

"आवाज आला ना?"

"हा आवाज हाय?"

"मी आवाज म्हनलं होतं मास्तर," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "गोड आवाज नव्हतं म्हनलं."

अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा त्याच्यासोबत जाणं सोपं. शिवाय त्याच्या बायकोने, कुसुमवहिनींनी, मला दारातच थांबवून सांगितलं, "भाऊजी, तुम्ही जा संग. बाकी काही करू नका, फक्त त्यायले जोरात गाऊ देऊ नका." मी छातीवर हात ठेवून कबूल केलं. विज्ञानाच्या शिक्षकाला एवढं काम काय जड?

भाद्रपदात, नवरात्राची गर्दी सुरू व्हायच्या आधी निघालो. जाणाऱ्यांनी हीच वेळ धरावी. डोंगर हिरवा असतो आणि पाऊस थोडा दमलेला असतो. सकाळची अमरावतीची बस. शहराबाहेरच्या वाडी नाक्यापर्यंत ट्रकांच्या रांगा, मग संत्र्याच्या बागा. कोंढाळीला बस थांबली तेव्हा आलुबोंडा आणि वरून तिखट रस्सा खाल्ला. पुरुषोत्तमला तिखट बंद होतं, म्हणून त्याचाही मीच खाल्ला. मैत्रीत असं करावं लागतं.

पुढच्या बाकावरच्या एका काकूंनी मागे वळून विचारलं, "कुठं जाऊन राहिले बाप्पा?"

"गाविलगड," पुरुषोत्तम म्हणाला आणि तो आवाज ऐकून अख्खी बस वैद्य झाली. कोणी ज्येष्ठमध सांगितला, कोणी आलं-मध. कोणी गाढविणीचं दूध सुचवलं, पण ते आणायचं कुठून हे सांगितलं नाही. काकू म्हणाल्या, "देवीच्या पाया पडा, सारं ठीक होते." मी म्हणालो, "काकू, देवीनंच तर असा केला." काकूंनी मग अमरावतीपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. पुरुषोत्तमला मात्र पुरचुंडीतली खडीसाखर दिली.

अमरावतीला बस बदलून परतवाडा, तिथून घाट. वळणावळणाचा रस्ता, एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला साग. ज्यांना गाडी लागते त्यांनी परतवाड्याला पोटभर जेवू नये. मी जेवलो होतो. तपशिलात शिरत नाही.

चिखलदऱ्याला भिकाजी नावाच्या गवळ्याच्या घरामागे खोली मिळाली. ज्वारीची भाकर, ठेचा आणि सुरीने कापावं लागेल असं दही. खोली आणि जेवण मिळून त्याने जे घेतलं, तेवढ्यात आज तिथे पाण्याची बाटलीही येणार नाही. भिकाजी हाडाचा सज्जन माणूस, पण एक सवय वाईट, न विचारता सल्ला द्यायचा.

"गडावर धुकं उतरलं तं जागेवर बसून राहाजा," तो म्हणाला. "हलू नका. पडक्या भिंती हायेत, टाकी हायेत, कडा हाय. काई दिसत नाही."

मी त्याला धुकं म्हणजे जमिनीला टेकलेला ढग, हवेतल्या बाष्पाचं थंडीने असं असं होतं, हे समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुरुषोत्तमला म्हणाला, "यायले सांभाळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. गावातून किल्ल्यापर्यंत रमतगमत तास-दीड तास. पहिला दरवाजा दिसला आणि पुरुषोत्तमने चपला काढून पिशवीत टाकल्या. देऊळ अजून कुठल्या कुठे! सराट्याचे काटे आणि ओली खडी तुडवत हा अनवाणी, आणि मी मागून इतिहास सांगत. आतल्या मोठ्या दरवाज्यावर दगडात कोरलेली जनावरं आणि दोन डोक्यांचा पक्षी आहे, तो जरूर पाहावा. आत गेलं की कमानी, बुरूज, छप्पर गेलेल्या भिंती, त्यांच्या फटींतून उगवलेली झाडं, आणि गवतात आडव्या पडलेल्या प्रचंड तोफा. एवढा थोर किल्ला आणि त्या दिवशी त्याच्या बंदोबस्ताला चार म्हशी होत्या.

तलावाजवळ आल्यावर पुरुषोत्तम म्हणाला, "वरच्या अंगाला देऊळ हाय. चाल."

"तू हो पुढं. मी ही तोफ पाहून येतो."

खरं सांगायचं तर मला आरतीला उभं राहायचं नव्हतं. टाळ्या वाजवाव्या तर तत्त्व जातं, न वाजवाव्या तर मित्र. वहिनींना दिलेला शब्द तेव्हा माझ्या डोक्यात नव्हता. तोफेवर फारसी अक्षरं होती. मला त्यातलं एकही येत नसताना मी ती बराच वेळ विद्वानासारखी पाहिली. मान वर केली तेव्हा तलाव नव्हता. भिंती नव्हत्या. हात लांब केला तर बोटं पुसट दिसत होती.

भिकाजी काय म्हणाला होता ते आठवलं. पण भिकाजी दही लावणारा माणूस, मी बी.एस्सी. येताना वारा डाव्या गालावर होता, म्हणजे आता तो उजव्या गालावर ठेवून चाललं की आलो त्या वाटेला लागणार, असा हिशोब मी केला आणि निघालो.

वीस-पंचवीस पावलं झाली असतील. उजवा पाय टेकवला तो टेकलाच नाही. मी एका ढासळलेल्या भिंतीवरून घसरत खाली गेलो आणि एका दगडाला अडकून थांबलो. घोटा मुरगळला होता. माझ्या पायाखालून एक दगड सुटला. तो कुठे पडला हे ऐकायला मी श्वास धरला. आवाज आलाच नाही.

तेव्हा कळलं, मी तटाच्या कडेला आहे. पुढे दरी. मी ओरडलो. "पुरुषोत्तम! ए पुरुषोत्तम!" धुक्यात आवाज कापसात टाचणी टोचावी तसा विरून जातो. हेही मी वर्गात शिकवलं असतं, कुणी विचारलं असतं तर. डोळ्यांसमोर घरची मंडळी यायला लागली. मी कुणाला हाका मारल्या, कुणाकुणाची नावं घेतली, ते इथे लिहीत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

आणि तेवढ्यात वरून, डावीकडून, आरती ऐकू आली.

घोगरी, फाटकी, प्रत्येक ओळीला अडखळणारी, पण पूर्ण ताकदीने म्हटलेली. मी भिंतीला धरून उठलो. आवाजाच्या दिशेने हाताने चाचपत, मग बसून, मग रांगत निघालो. आरती संपली. मी जागच्या जागी थांबलो. आता काय? तर ती पुन्हा सुरू झाली, पहिल्या कडव्यापासून. मी पुन्हा सरकलो. असं किती वेळा झालं, मोजलं नाही. आवाज प्रत्येक वेळी आणखी फाटत होता आणि प्रत्येक वेळी जवळ येत होता.

अखेर हाताला पायरी लागली. छोटंसं देऊळ, अर्धं छप्पर पडलेलं, आत शेंदूर माखलेला तांदळा, म्हणजे देवी म्हणून पुजलेला नुसता गोल दगड. पुरुषोत्तम देवीकडे पाठ करून, धुक्याकडे तोंड करून उभा होता. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या. मला पाहिल्यावर त्याने कडवं पूर्ण केलं, मग वळून कापूर लावला.

मी कपडे झटकले. "झाली का गा आरती? मी तोफ पाहत होतो."

त्याने मान हलवली आणि माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

धुकं उठेपर्यंत तिथेच बसलो. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून लंगडत उतरलो. पायरीवरून घसरलो, असं मी सांगितलं. परतीच्या सगळ्या प्रवासात तो एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, भक्तीची गुंगी असेल.

नागपूरला आल्यावर कळलं, आवाज गेला होता. पार. डॉक्टर त्याच्यावर जे ओरडले ते बाहेरच्या रांगेने ऐकलं. महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, पुढचं पुढे बघू.

मी काय केलं? शिक्षकांच्या खोलीत किस्सा सांगितला. "गडी नवस फेडायले गेला, देवीनं उरलेला आवाजही ठेवून घेतला!" सगळे हसले. चौकातल्या पानठेल्यावरही सांगितला. तिथे जास्त हसले. त्या किस्स्यात मी धुक्यातून वाऱ्याच्या दिशेने वाट काढली होती.

आठेक दिवसांनी त्याच्या घरी गेलो. तो पलंगावर बसला होता, जवळ मुलीची पाटी. वहिनींनी चहा ठेवला, पण बसा म्हणाल्या नाहीत.

"भाऊजी, तुम्हाले एकच काम सांगतलं होतं."

"वहिनी, धुकं होतं. मी तिथं नव्हतो..."

"मालूम आहे मले. त्यायनं सारं पाटीवर लिहून सांगतलं. आरती एकदाच म्हनाची होती, अन् ती हळूच म्हनली होती यायनं. देवीले तेवढ्यानं ऐकू गेली." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "तुम्हाले गेली नसती."

मी पुरुषोत्तमकडे पाहिलं. त्याने बायकोला हातानेच गप्प केलं, पाटी ओढली, पेन्सिल करकरवली आणि पाटी माझ्याकडे वळवली. 'पाय कसा हाय तुहा?'

मी पाटी घेतली. रोज फळ्यावर लिहिणारा माणूस मी. पाटीवर 'बरा आहे' एवढंच लिहून ती परत दिली.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "तुम्हाले तं बोलता येते ना?"

मग बोललो. पानठेल्यावर काय सांगितलं तेही सांगितलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी खांदे हलवून हसला, आवाज न करता.

दोन-अडीच महिन्यांनी त्याला बोलण्यापुरता आवाज आला. गाणं मात्र संपलं. मंडळात तो झांजा वाजवायला लागला. मी अजूनही देव मानत नाही. गाविलगडाला मात्र जाऊन या. दोन डोक्यांचा पक्षी पाहा, दही खा. धुकं उतरलं तर जागेवर बसून राहा. आणि तुम्ही दिसेनासे झालात की गळा फाटेपर्यंत हाक मारत राहील, असा कोणी सोबत असेल तर घरी पोहोचल्यावर त्याचेच किस्से सांगत फिरू नका.