ध्वजाचं दुसरं टोक

भूतखेत, करणी, प्रचिती... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही, हे आधीच स्पष्ट करते. बाबांनी छापलेली अंधश्रद्धाविरोधी पत्रकं वाटत मी सांगलीत मोठी झाले. तरी हे लिहितेय, कारण सोयीचं नाही म्हणून घडलेलं लपवणं मला पटत नाही.

बर्लिनमध्ये पीएचडी करताना मी एका चिमुकल्या बेट-देशाच्या दूतावासात अर्धवेळ काम करायचे. दूतावास म्हणजे दंतवैद्याच्या दवाखान्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. माणसं दोनच – राजदूत मॅडम आणि मी. समुद्र त्यांची गावं गिळतोय, आणि ज्यांच्या धुरामुळे तो चढतोय त्यांच्याच राजधानीत बाजू मांडायला यांच्याकडे माणसं नाहीत! शेवटी दूतावास बंद करायचं ठरलं.

शेवटच्या दिवशी मॅडम हॉस्पिटलमध्ये होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. बाल्कनीतला ध्वज मी उतरवायचा होता. तो घेऊनच त्या मायदेशी परतणार होत्या. फोनवर त्यांनी बजावलं, "एकटीने घडी घालू नकोस. कुणालातरी बोलाव." त्यांच्या बेटावर होडीचं शीड एकट्याने दुमडत नाहीत. दुसरा हात लागला नाही तर माणूस घरी पोचत नाही म्हणे. ध्वजालाही तोच नियम.

"मॅडम, विमानाला शीड नसतं."

"तुला जीभ आहे ना? ती हाउसमाइस्टरपुढे चालव." त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला घरी जायचंय गं."

इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर फोनवर म्हणाला, "आल्झो... म्हणजे असं बघा, माझी सुट्टी झाली. आता सोमवारी!" दंतवैद्याकडे कुलूप. या एवढ्या शहरात हाक मारावी असं माझं एकही माणूस नाही, हे तेव्हा लख्ख कळलं.

हिवाळ्यातली दुपार, चारलाच अंधारून आलेलं. रिकाम्या खोलीत मी ध्वज उलगडला. कापडच तर आहे, घालू घडी! पण एक कड धरली की दुसरी जमिनीवर लोळायची.

आणि ती उचलली गेली.

खिडक्या बंद होत्या. कापड माझ्या छातीच्या उंचीला, ताठ ताणलेलं. मग ते झटकलं गेलं – धुतलेली साडी दोघी मिळून झटकतात ना, तसं. माझे हात आपोआप त्या लयीत चालले. ते टोक माझ्याकडे चालत आलं... कोपरे देताना खरखरीत, गरम बोटं माझ्या बोटांना लागली. मी घाबरले नाही. किती महिन्यांत आपल्याला कुणाचा स्पर्शच झाला नव्हता, एवढंच मनात आलं. घडी झाली, आणि खोलीत पुन्हा मी एकटी.

थकवा, भास, हीटरची हवा – सगळं तपासून पाहिलं. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "नीट जेवतेस ना?"

हॉस्पिटलमध्ये मॅडमनी घडीची कड चाचपली. "सोबत कोण होतं?"

हाउसमाइस्टरचं नाव घेतलं असतं तर विषय मिटला असता. पण ते खोटं होतं. 'कुणी नव्हतं' म्हणणंही मला खरं वाटेना.

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी डोळे पुसले. "चल, म्हणजे पोचते मी."

त्या पोचल्या. हा मी पुरावा मानत नाही; विमानं पोचतातच. पण ती बोटं कुणाची होती, हे मला आजही सांगता येत नाही.